उत्तरापुरती जागा

मेहेकनं मोबाइलवर आपल्या आवाजात भरून ठेवलेला पहिला प्रश्न संपला आणि पुढं काहीच झालं नाही. "स्वतःबद्दल थोडक्यात सांगा," एवढं बोलून पोरीचा आवाज थांबला. मग नुसता तिच्या घरातला पंखा ऐकू येत राहिला, कुठंतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज, एक श्वास. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, मोबाइल बिघडला. हुस्नबानूला तसं वाटलं नाही. ती ओट्याशी उभी होती, एका हातात निम्मं सोललेलं आलं, दुसऱ्या हातात सुरी, आणि ही शांतता आपल्या ओळखीची आहे हे तिला आधी मानेच्या मागं कळलं, मग पोटात, आणि डोक्यात सगळ्यात शेवटी. कुणीतरी विचारलंय आणि थांबलंय. तिचे ओठ आपोआप हलले. पण त्यातून शब्द निघायच्या आत मेहेकचा आवाज परत आला, "प्रश्न दुसरा, तुमचा अनुभव काय?", आणि पुन्हा पंखा. हुस्नबानूनं सुरी ठेवली, ओढणीला हात पुसला आणि बोटानं मोबाइल बंद केला. तिला खाली बसावं लागलं.

यात पोरीचा काही गुन्हा नव्हता. मेहेक शेजारची. बालवाडीत शिकवायची, आणि आपल्याला जे येतं ते सगळ्या जगाला शिकवल्याशिवाय तिला चैन पडत नसे. अलिबागच्या एका संस्थेनं इथं श्रीवर्धनात, बाजाराच्या पलीकडं, अकरावी-बारावीच्या मुलींसाठी वसतिगृह काढलं होतं, आणि मुलींची काळजी घ्यायला एक बाई हवी होती. कागदावर त्या जागेचं नाव अधीक्षिका. मेहेक रेक्टर म्हणायची, आणि दारावर मासे विकायला येणारी ठमाबाई म्हणायची पोरींची राखणदारीण. अर्ज मेहेकनं भरला, फोटो मेहेकनं काढला, आणि मंगळवारी अकरा वाजता मुलाखत फोनवर होईल असा निरोप आला तेव्हा आनंदानं उडीही मेहेकनंच मारली. मग तयारी सुरू झाली. नऊ प्रश्न, प्रत्येकापुढं अर्धं मिनिट मोकळं, खालानं, म्हणजे हुस्नबानूनं, त्यात बोलायचं. "खाला, फोनवर तुमचा चेहरा दिसणार न्हाय, म्हणून हसून बोलायचं. हसलेलं ऐकू येतं," असं तिनं बजावलं होतं. हुस्नबानूनं विचारलं, "आणि घाबरलेलं?" त्यावर मेहेकनं जरा विचार करून सांगितलं की घाबरलेलं जास्तच ऐकू येतं.

आणि घाबरायला कारण होतं. मुसअबनं, तिच्या मुलानं, तळोज्याच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. खिडकीला जाळी लावली होती, पलंग घेतला होता, सून महनूरनं चादरीचा रंग फोनवर विचारून घेतला होता. एवढ्या चांगल्या पोरांशी भांडावं तरी कसं? वाईट मुलगा असता तर दोन शब्द ऐकवून मोकळी झाली असती. तिच्या नवऱ्याला, अब्दुस्समदला, जाऊन तीन वर्षं झाली, अम्मी एवढ्या घरात एकटी, कुठं पडली झडली तर कोण बघणार, हे मुसअबचं म्हणणं खोटं नव्हतं. तिनं एवढंच सांगितलं होतं, मना एकदा विचारून बघू दे. आणि तो म्हणाला होता, "बरं अम्मी, मिळाली तर राहा, दहा मिनिटांवर तर हाय घरापासून. न्हाय मिळाली तर मात्र चल. या महिन्यातच." सौदा स्वच्छ होता. मंगळवारी अकरा वाजता फोनवर जे काय होईल त्यावर हे घर, मागची सुपारीची बाग, विहिरीकडं जाणारी पायवाट, सगळं एकतर राहणार होतं, नाहीतर कुलूप लागून चावी शेजारी ठेवायची होती. आणि ती अर्धं आलं घेऊन जमिनीवर बसली होती, कारण शेजारच्या पोरीनं प्रश्नापुढं मोकळी जागा सोडली होती.

निकाहानंतर चाळीस दिवसांनी अब्दुस्समद सौदीत, दम्मामला, पाण्याच्या प्लांटवर कामाला गेला. एक्याण्णव साल. ती अठराची. कुणी नाव विचारलं तरी आधी आजूबाजूला बघायची, दुसरं कुणी सांगतंय का म्हणून. फोन पोस्टाजवळच्या बूथवर, तिथं मागं दहा माणसं उभी, आणि सुनेनं बाजारात जाऊन नवऱ्याशी फोनवर बोलावं असं तेव्हा कुणाच्या घरात होतं? पत्र यायचं ते सासऱ्यांच्या नावे. पण तिकडून कुणी रजेवर आला की त्याच्या बॅगेतून कॅसेट यायची. ती आली की सगळी आळी ओसरीवर. सासरे टू-इन-वन टेपचं बटण दाबायचे आणि अब्दुस्समदचा आवाज निघायचा, जरा चिरका, जरा घाईतला, आणि पहिली पंधरा मिनिटं नुसते सलाम. अब्बांना सलाम, अम्माला सलाम, मशिदीतल्या मौलवींना, पोस्टमनला, शाळेतल्या जोशी गुरुजींना, गळ्यात घंटा बांधलेल्या म्हशीच्या मालकाला सुद्धा. कुंपणावरून ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांनाही सलाम, त्यामुळं ते बिचारे पेचात पडले आणि दुसऱ्या दिवशी परसातला दुधीभोपळा घेऊन दारात आले. दम्मामहून एका माणसानं एवढं केलं होतं. या सगळ्या यादीत हुस्नाचं नाव नसायचं. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. सलाम संपले, खैरियत झाली, की तो म्हणायचा, "आता दुसरी बाजू आतल्या घरात द्या." मग सासरे कॅसेट काढायचे, कुणाकडं न बघता सासूच्या हातात द्यायचे, आणि सासू ती आत आणून शिंक्यावरचं काहीतरी द्यावं तशी सहज तिच्यापुढं ठेवायची.

पहिल्यांदा तिनं दुसरी बाजू ऐकली ती इथंच, या ओट्यापाशी, आवाज अगदी बारीक ठेवून. "हुस्ना," तो म्हणाला. मग जरा थांबला. "आज काय रांदलंस?" आणि शांतता. एसीची घरघर, लांब कुणाचा खोकला, टेपचा स्वतःचा सूंऽऽ असा आवाज. मग तो म्हणाला, "बरं." तिला वाटलं, कॅसेट खराब झाली, मधलं बोलणं पुसलं गेलं. तिनं ती काढली, पेन्सिल घालून फिरवली, पुन्हा लावली. तेच. "अम्माचा गुडघा कसा हाय?" शांतता. "बरं." "विहिरीला पाणी हाय?" शांतता. "बरं. शाब्बास." जणू विहिरीला पाणी तिनंच आणलं होतं. तिसऱ्या प्रश्नाला तिच्या लक्षात आलं आणि ओढणीचा बोळा तोंडात कोंबून ती इतकी हसली की सासूनं बाहेरून विचारलं, ठसका लागला का गो. माणूस वेडा होता. हजार कोसांवर बसून, यंत्रासमोर, तो तिच्या बोलण्याची वाट बघत होता.

ती उत्तर देईपर्यंत तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं, सासू कुणाच्या मयतीला गेली होती, आणि "आज काय रांदलंस" झाल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "बांगडे." एवढंच. आणि तो म्हणाला, "बरं." तिच्या हातावर काटा आला. अठरा वर्षांत तिला कुणी काही विचारून थांबलं नव्हतं. विचारायचे, पण विचारणाराच उत्तर देऊन मोकळा व्हायचा: भूक लागलीय ना, चल जेव, बरं वाटत नाही ना, पड जरा, पसंत आहे ना मुलगा, पसंतच आहे तिला. घरातली माणसं प्रेमाची होती, पण सगळी घाईत. हा पहिला माणूस ज्यानं प्रश्नापुढं जागा सोडली. मग ती बोलायला शिकली. आधी एक शब्द, मग एक वाक्य. वाक्य लांबलं की त्याचं "बरं" मधेच येऊन तिला तोडायचं, म्हणून ती नेमकं बोलायला शिकली. नेमकं बोलून समाधान होईना, म्हणून तिनं टेप मागं फिरवायला सुरुवात केली. एकाच जागेत सकाळी एक उत्तर, दुपारी दुसरं. बांगडे सांगून झाले की बांगडे कसे मिळाले ते, मग ठमाबाई कशी दर लावते ते, मग आपल्याला खरं तर बांगडे आवडत नाहीत हे. हे तिनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. मुसअब पोटात होता तेव्हा एकदा टेपवर त्यानं विचारलं, "तब्येत बरी हाय ना?" आणि ती, जी रजेवर आलेल्या नवऱ्याला पुढं आयुष्यभर तुमीच म्हणाली, त्या जागेत ओरडली, "न्हाय, बरी न्हाय. तू ये. तुझा पाण्याचा प्लांट घाल चुलीत आणि तू ये!" त्यावर दम्मामहून, दोन महिन्यांपूर्वी भरलेल्या आवाजात, तो प्रेमानं म्हणाला, "बरं. शाब्बास." ती हसली आणि मग रडली, आणि मग तिला उलटी झाली. पण त्या दिवसानंतर तिला एकटं वाटायचं कमी झालं.

रजेवर आला तेव्हा तिनं विचारलं होतं. मुसअब वर्षाचा, मधे झोपलेला. "तुमी ती जागा का सोडता?" त्याला आधी समजलंच नाही. मग तो लाजला. बाप झालेला माणूस कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, खोलीत आठ जणं असतात, म्हणून मी गच्चीवर टाकीच्या मागं बसतो टेप घेऊन. विचारलं की थांबतो, तू बोलशील म्हणून. "पयल्यांदा मोजायचो, एक ते वीस. मग मोजणं सोडलं. तुजं बोलून झालंसं वाटलं की बरं म्हणायचो."

"आणि माझं बोलणं झालेलं नसलं तर?"

"तर तू मागं फिरवशील. बटण तुज्याच हातात हाय की."

"तुमाला तर काय ऐकायला येत न्हाय."

"न्हाय," तो म्हणाला, "पण तू बोलत होतीस ना?" 

समोर बसल्यावर तिचं तोंड पुन्हा बंद. पण तिनं मान हलवली, आणि तो इतका खूश झाला की त्यानं झोपलेल्या पोराचं पाऊल उचलून त्याचाच मुका घेतला. पुढं फोन घरात आला, मग मोबाइल आला, कॅसेटी बिस्किटाच्या डब्यात गेल्या, टू-इन-वनचा पट्टा तुटला. बारा साली तो कायमचा परत आला तो कॅसेटमधल्यापेक्षा कमी बोलणारा माणूस होता, सकाळी पायरीवर बसून सुपाऱ्या सोलायचा आणि विचारायचा, "आज काय रांदतंस?" आणि खरंच थांबायचा. नऊ वर्षं तेवढी मिळाली. तो गेल्यावर आळीतल्या बायका म्हणायच्या, फोटोशी बोल, मन हलकं होतं. तिला ते जमलं नाही. ती आजवर त्याच्याशी आपणहून कधी बोललीच नव्हती. त्यानं विचारायचं, तिनं उत्तर द्यायचं. आता विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून ती तीन वर्षं गप्प होती, आणि आपण गप्प आहोत हे तिला आज मेहेकच्या पंख्यानं सांगितलं.

"बाय, बोंबील घेशी का? ताजं हायत!" ठमाबाईनं दारातूनच टोपली उतरवली. हुस्नबानू उठली, डोळे पुसले, ताट घेऊन बाहेर गेली. ठमाबाईनं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं आणि बोंबील मोजायचे थांबवले. "काय जालं गो? पोराचा फोन आला काय?"

"न्हाय. त्या मुलाखतीचं. ते विचारतील अनुभव काय, आणि मी काय सांगू? मी आयुष्यात नोकरी केली न्हाय."

ठमाबाईनं कमरेवर हात ठेवले. "अनुभव न्हाय? आन मंग माजी कमळ कुनी दहावी केली? मी का? मना तर अंगठा येतो." आणि वर, "सांग त्यांना, ठमीला फोन लावा म्हनावं. मी देतू अनुभव." असं म्हणून तिनं चार बोंबील जास्त टाकले, आणि ते कशाबद्दल हे काही सांगितलं नाही.

कमळची गोष्ट हुस्नबानूनं कधी अनुभवात धरली नव्हती. खाडीपलीकडच्या नात्यातल्या मुली शाळेसाठी तिच्याकडं राहायच्या, एक गेली की दुसरी, अशा सहा. घर मोठं, नवरा परगावी, राहू दे पोर, एवढाच त्यातला विचार. सातवी मुलगी कमळ. तिचा बाप होडी घेऊन गेला आणि परतला नाही, त्या वर्षी ती दहावीला होती. ठमाबाई एका सकाळी पोरीला दारात उभी करून म्हणाली, ही घरात दर्याकडं तोंड करून बसतं, पुस्तक उघडत न्हाय, तुज्याकडं दर्या दिसत न्हाय, तवा ठेव. पोर आली ती मुकी. जेवायची, भांडी घासायची, पुस्तकासमोर बसायची, बोलायची नाही. हुस्नबानूनं तिला समजावलं नाही, कुरवाळलं नाही. तिला त्यातलं काही येत नव्हतं. तिला एकच गोष्ट येत होती. रोज दिवेलागणीला ती विचारायची, "आज काय शिकलीस?" आणि थांबायची, तांदूळ निवडत, तिच्याकडं न बघता. बऱ्याच वेळानं म्हणायची, "बरं." दुसऱ्या दिवशी पुन्हा. अकराव्या दिवशी पोर म्हणाली, "कायच न्हाय." हुस्नबानू म्हणाली, "बरं. शाब्बास." आणि कमळ आधी चकित झाली, मग हसली, आणि मग बापासाठी रडली, पहिल्यांदा. आता ती अलिबागला नर्स आहे आणि ईदला न चुकता येते. हे आपण कुठून शिकलो हे त्या दिवशी हुस्नबानूच्या मनातही आलं नव्हतं. आज, हातात बोंबलाचं ताट धरून, ते आलं, आणि दारातच तिला त्या गच्चीवरच्या, टाकीमागच्या माणसाची इतकी माया दाटून आली की ठमाबाईला पैसे द्यायचे ती विसरली, आणि ठमाबाईनंही मागितले नाहीत.

मंगळवारी तिनं ईदचा सलवार-कमीज घातला. फोनवर दिसत नाही हे माहीत होतं, पण घरच्या कपड्यांत बसलं की आवाजही घरचाच निघतो असं तिचं मत. पंखा बंद केला. कुकर लावला नाही. मोबाइल स्पीकरवर टाकायचा म्हणून समोर ठेवला, शेजारी उघडी वही, तीत मेहेकनं सुवाच्य अक्षरात लिहिलेली उत्तरं. मेहेक शाळेतून सुट्टी काढून दाराआड उभी, आणि तिच्याच तोंडाला कोरड पडलेली. अकराला पाच मिनिटं कमी असताना ठमाबाई आळीतून गेली, ती आज ओरडली नाही; टोपली डोक्यावर, ओठ घट्ट मिटलेले, दाराकडं एकदा बघून पुढं. एवढं तिनं आजवर कुणासाठी केलं नव्हतं. अकरा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला.

"नमस्कार, मी प्रणय बोलतोय ऑफिसमधून. बरोबर मृणाली मॅडम आहेत. तुमचा आवाज येतोय ना?" मुलाचा आवाज हसरा होता, मेहेकचं खरं होतं, ऐकू येतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिनं वहीतलं दिलं, आणि ते वहीतलंच वाटलं. नाव, वय, शिक्षण दहावी, मला मुलींची आवड आहे. पलीकडं कागद उलटला. मग बाईंचा आवाज आला, जाड, थकलेला, घाई नसलेला. "तुमचा अनुभव सांगा. नोकरीचा नसला तरी चालेल. तुम्हाला जे सांगावंसं वाटतं ते सांगा." आणि शांतता.

हुस्नबानूनं वही मिटली. ही जागा तिला माहीत होती, इथली भिंत न् भिंत माहीत होती. ती बोलायला लागली. आधी सहा मुलींची नावं घेतली, कोण कुठली, कोणाला काय खायला आवडायचं. मग कमळ. मग आपण कमळशी का तसं वागलो ते सांगता सांगता ती दम्मामला गेली, गच्चीवर गेली, कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला गेली. साहेबांपुढं असं बोलतात का, हे तिच्या मनात आलं, पण पलीकडून कुणी अडवत नव्हतं, आणि न अडवणारा माणूस तिला आयुष्यात एकच भेटला होता. ती म्हणाली, मला बांगडे आवडत नाहीत. ती म्हणाली, मी त्याला तू म्हणाले, एकदाच. ती म्हणाली, मला माझ्या घरात राहायचंय आणि मुलींना विचारायचंय, कारण मला कुणीतरी विचारलं होतं. आवाज कापला नाही. सगळं सांगून झालं तेव्हा ती थांबली, आणि "बरं" ची वाट बघत राहिली.

"बरं" आलं नाही. दाराआडून मेहेक आली ती दोन्ही हात डोक्यावर ठेवून. "खाला, लाईन कवाची गेली हाय! बघा ना, रेंजच न्हाय!" मोबाइलवर वरच्या कोपऱ्यात एक फुली होती. या भागातला टॉवर कधी कधी असा जीव सोडतो. "तुमाला कळलं न्हाय? हॅलो तरी म्हणायचं! सगळी जणं म्हणतात हॅलो हॅलो!"

"मना वाटलं, ऐकतायत," हुस्नबानू म्हणाली.

मेहेक रडायच्या बेताला आली. एवढं चांगलं बोललात, कुणीच ऐकलं न्हाय, आता परत फोन केला तरी तसं थोडंच येणार, त्यांना वाटेल तुमीच ठेवला. ती मोबाइल घेऊन खिडकीशी गेली, मग अंगणात, मग विहिरीच्या कठड्यावर चढून उंच धरून उभी राहिली. हुस्नबानू जागची हलली नाही. खरं तर तिला हातपाय गळून बसायला हवं होतं; महिन्याअखेर, तळोजा, खिडकीची जाळी, सगळं डोळ्यांपुढं होतं. पण आत खोल कुठंतरी तिला हसू फुटत होतं. आयुष्यातलं सगळ्यात लांब उत्तर तिनं मेलेल्या फोनला दिलं होतं. या आळीत, या जिल्ह्यात, ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. आणि दुसऱ्यांदा बोलायची भीती तिला काय दाखवायची? ती एकाच जागेत चार चार वेळा बोललेली बाई होती.

"आली, आली!" मेहेक विहिरीवरून ओरडली, आणि मोबाइल तिच्या हातातच वाजला. हुस्नबानू विहिरीपाशी गेली आणि तिनं तो घेऊन कानाला लावला.

"सॉरी हां," प्रणय म्हणाला, "लाईन गेली. अनुभव विचारला आणि तुमचं काहीच ऐकू आलं नाही."

"असू दे," हुस्नबानू म्हणाली. "मी परत सांगते. आता थोडक्यात होईल." आणि तिनं फक्त कमळ सांगितली. होडी, दर्याकडं तोंड, मुकी पोर, दिवेलागण. पाच-सहा वाक्यं. दम्माम नाही, कॅसेट नाही. ते एकदा सांगून झालं होतं.

पलीकडं जरा वेळ कुणी बोललं नाही. या वेळी लाईन जिवंत होती. पलीकडचा पंखा ऐकू येत होता. मग मॅडमनी विचारलं, "आमच्याकडं ज्या मुली येणार त्या पहिल्यांदाच घर सोडतायत. कोपऱ्यात बसतात, सांगत नाहीत काही. तुम्ही काय कराल?"

"विचारीन," हुस्नबानू म्हणाली. "आणि थांबेन."

"किती वेळ?"

"तिचं होईपर्यंत. मोजायचं न्हाय."

"आणि ती बोललीच नाही तर?"

"तर उद्या परत विचारीन, मॅडम. मला दुसरं काही येत नाही."

कागदाचा आवाज झाला. मग दोघांचं आपसात काही बोलणं, हात ठेवून झाकलेलं. मॅडम परत आल्या तेव्हा त्यांचा थकलेला आवाज जरा खाली आला होता. पत्र येईल, त्या म्हणाल्या, पण तुम्ही पत्रासाठी थांबू नका, एक तारखेला या आणि चाव्या ताब्यात घ्या, पहिल्या मुली तीन तारखेला येतायत. "आणि हो, त्या कमळला माझा नमस्कार सांगा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मेहेकनं तिला मिठी मारली, ओल्या गालाचा मुका घेतला आणि ती ठमाबाईच्या मागं आळीतून धावत सुटली, बातमी सांगायला. तिचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला, आणि मग ठमाबाईचा, जी सकाळपासूनचं सगळं ओरडणं एकदम ओरडली. मुसअबला फोन करायचा होता. तो खरंच खूश होईल, आणि मग चादरीचं काय करायचं म्हणून महनूर विचारील, आणि तिला सांगायचं होतं, अंथरून ठेव, सुट्टीत येईन, तुमी दोघांनी एवढं केलंत. पण त्याआधी ती मागच्या दारी गेली आणि जिथं बसून तो सुपाऱ्या सोलायचा त्या पायरीवर बसली. ऊन झाडांतून खाली उतरलं होतं. आपल्या वाट्याला किती माणसं आली, तिला वाटलं, आणि सगळी देतच राहिली: चार बोंबील, नऊ प्रश्न, रंगवलेली खोली. आणि एका माणसानं तर नुसती मोकळी जागा दिली, दम्मामहून, पदरचा वेळ घालून, आणि त्या जागेत काय भरलं गेलं ते त्यानं कधीच ऐकलं नाही.

"मना नोकरी लागली," ती मोठ्यानं म्हणाली. मग जन्मात पहिल्यांदा तिनं त्याला आपणहून विचारलं. "ऐकलंस?"

आणि ती थांबली. तिनं मोजलं नाही. झावळ्या एकमेकींवर घासत होत्या, विहिरीवर मेहेकच्या चपला तशाच राहिल्या होत्या, लांब समुद्र आपलं काम करत होता. त्याचं सगळं बोलून होईपर्यंत हुस्नबानू तिथं बसून राहिली.

मग म्हणाली, "बरं."